विषय वॉर्डातून आणा

आम्ही जालन्यात नर्सिंग शिकलेल्या मैत्रिणी भेटलो की गप्पा संशोधनाच्या विषयांवर जातातच. किस्सेच इतके साठलेत.

नव्वदनंतरची गोष्ट. शेवटच्या वर्षी प्रत्येकीनं एक विषय निवडायचा होता. आम्ही पुस्तकांतून भारी भारी नावं उतरवून नेली. आमच्या ट्यूटर देवडे मॅडमनी कागद परत केले. "हे पुस्तकाचे प्रश्न झाले. वॉर्डातला आणा. आणि उत्तर सापडल्यावर वॉर्डात काय बदलेल, तेही सांगा."

*

जुन्या जालन्याच्या शाहीननं बाळंतिणींचा वॉर्ड घेतला. पहिलं चिकाचं दूध बाळाला का देत नाहीत, हा तिचा विषय. जिला विचारावं ती आधी सासूकडं बघायची.

"मॅडम, दूध आईचं, पण फैसला सासूचा."

"मग सासूला विचार," मॅडम म्हणाल्या.

शाहीन सासवांजवळ बसायला लागली. एका दादीनं सगळं ऐकून घेतलं, बाळ उचलून सुनेच्या कुशीत दिलं आणि म्हणाली, "हमें किसी ने बताया ही नहीं, बेटी."

*

घनसावंगीच्या कावेरीचा विषय, पडून असलेल्या पेशंटची कूस वेळेवर बदलली तर पाठीच्या जखमा टळतात का. कमरेला मार लागलेल्या एका माणसाची बायको म्हणाली, "मला घड्याळ कळत न्हाई, बाई."

मंग कावेरीनं तिला सोपं करून दिलं. चहा आला, खिडकीकडं. डॉक्टर येऊन गेले, दाराकडं. बाई दर वेळी त्याची कूस बदलायची, आणि आपलं स्टूल उचलून त्याच्या तोंडासमोर नेऊन बसायची.

घरी जाताना पाठ साफ होती. कावेरीनं विचारलं, "लई त्रास झाला का, दादा?"

"न्हाई. लगीन झाल्यापासून हिला एवढं बघितलंच नव्हतं."

*

माझा विषय इंजेक्शनचा. लेकरू टेबलावर दाबून धरलं तर जास्त रडतं, की आईच्या मांडीवर? मी घड्याळ घेऊन उभी. मांडीवरचं पहिलंच पोरगं रडलं नाही. आईच रडली.

"मॅडम, हे कुठं लिहू?"

"नवीन रकाना आख."

*

एकदा वर्गात विषयांची चर्चा चालली होती. कित्येक वर्षं वॉर्ड झाडणारी मावशी निरोप घेऊन आल्ती, ती दारातच थांबली.

"मॅडम, मी एक इचारू का? तुम्ही पेशंटला सात नंबर, नऊ नंबर म्हणता. नाव घेऊन हाक मारली तर त्याला लवकर बरं वाटतं का, हे कुणी बघितलं का?"

मॅडमनी खडू उचलला. तिचा प्रश्न फळ्यावर जशाचा तसा लिहिला. खाली लिहिलं, 'विषय सुचवणाऱ्या:', आणि हात थांबला. त्यांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही एकमेकींकडं.

"मावशी, तुमचं नाव काय?"

मावशीनं पदर सारखा केला. "सुंदराबाई."

मॅडमनी ते लिहिलं, मोठ्यानं वाचलं.

मावशी म्हणाली, "अजून एकदा वाचता का?"