औषधाची पुरी रीत

वलगावच्या केशरबाईंची संध्या पेटंट कचेरीत अर्ज तपासते. सुटीत घरी आली तेव्हा बोलता बोलता सांगून बसली, की कॅन्सरच्या औषधाच्या एका अर्जावर तिनं हरकत घेतली. रोडगे वळणाऱ्या केशरबाईंचा हात तिथंच थांबला. त्यांची बहीण याच रोगानं गेली होती.

"काहून वं? लोकं मरून राहिले अन् तू औषध अडवून राहिली?"

"औषध नाही अडवलं, आई. कंपनीले शंभर जातीच्या गोळ्यांवर हक्क पाहिजे, अन् बनवायची रीत लिहिली एकाच गोळीची. अर्ज वाचून दुसऱ्या जाणत्याले औषध बनवता आलं पाहिजे ना? म्हटलं, सगळ्यांची रीत लिहा, नाही तर एकीवरच हक्क घ्या."

केशरबाई विचारात पडल्या. शेजारच्या पार्बताबाईंना रोडग्यांची रीत त्यांनीच शिकवली होती, पण गल्लीतल्या साऱ्या बाया करतात तसं एक गुपित पोटात ठेवून. पिठाला तेलाचं मोहन लागतं, हे काही सांगितलं नव्हतं. पार्बताबाईंचे रोडगे अजूनही दगडासारखे होत.

"म्हंजे माह्यासारखेच हायेत ते!" केशरबाई खुदकन हसल्या. "मंग बराबर केलं तू. सोडू नको त्याईले. पर पार्बताबाईले यातलं काही बोलू नको, माय."