चौथा पर्याय

समीक्षा ठाकूर रोह्यात एकटीच राहायची. पेणजवळच्या एका शाळेत नऊ वर्षं तिनं कंत्राटावर विज्ञान शिकवलं. कंत्राट संपलं तेव्हा ऑनलाइन शिकवणीच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या प्रश्न तयार करायचं काम दिलं, त्यालाही आता चार वर्षं झाली होती. तिची खोली धाटावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. शेजारी सगळे शिफ्टवाले, दिवसा झोपलेले. म्हणून ती फोनवरही हळूच बोलायची. तसे फोनही फारसे येत नसत.

एकाच उत्तराचे प्रश्न ती भराभर काढायची. वेळ लागायचा तो एकाहून अधिक बरोबर उत्तरं असलेल्या प्रश्नांना. सहसा चारांतले दोन किंवा तीन पर्याय बरोबर हवेत, आणि चुकीचा पर्यायही असा हवा, की मूल क्षणभर अडखळेल. त्यावर खूण केली की अख्ख्या प्रश्नाचे गुण गेले. पर्याय सुचले की ती ते पुटपुटून बघायची. खोलीत तेवढाच माणसाचा आवाज.

एका मंगळवारी तिच्या जुन्या प्रश्नावर तक्रार आली. मिठागरात मीठ तयार व्हायला काय काय लागतं, असा तो प्रश्न होता. ऊन, वारा, भरतीचं पाणी, माणसाचे पाय. पहिले तीन बरोबर. चौथा तिनं जागा भरायला टाकलेला. एका मुलानं चारही निवडले होते आणि त्याला शून्य मिळालं होतं. त्यानं लिहिलं होतं, ‘पाय लागतात. माझे आजोबा तुडवतात.’

समीक्षानं ते दोनदा वाचलं. तिचे वडील रघू जन्मभर पेणच्या खाडीकाठी मिठागरातच राबले. पावसाळा सरला की चिखल तुडवून तळ घट्ट करायचा, मग त्यावर पाणी घ्यायचं. त्यांच्या भेगाळलेल्या टाचांना लहानपणी तीच खोबरेल लावायची. ते जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिनं त्यांचे पाय चुकीच्या पर्यायात घातले होते.

तिनं कंपनीतल्या तिच्या वरिष्ठाला, निकेशला फोन केला. त्याला ती कधी समोरासमोर भेटलेली नव्हती.

“मॅडम, पुस्तकात आहे का हे?”

“नाही. पण खरं आहे.”

“मग काहीतरी पुरावा पाठवा. नुसत्या तक्रारीवर उत्तर बदलता येत नाही.”

शनिवारी ती एसटीनं पेणला गेली आणि तिथून रिक्षानं गावात, चुलती गोदूबाईकडे. वडिलांच्या बाराव्यानंतर ती पहिल्यांदाच येत होती. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून, तो पुढं धरून तिनं मिठाचं विचारलं तेव्हा गोदूबाई तिच्याकडे बघतच राहिली.

“तळ तुडवल्याबिगर मीठ व्हतं काय गो? मातीच येल वर. तुझा बापूस म्हैनाभर तुडवायचा. तू डबा घेऊन यायचीस ना?”

“व्हय.”

“मंग मला कशाला विचारतंस?”

समीक्षानं रेकॉर्डिंग बंद केलं.

तिनं पाठवलेलं ते बोलणं निकेशनं ऐकलं आणि उत्तर बदलायला परवानगी दिली. मुलाचे गुण परत मिळाले. त्याला दोन शब्द लिहावेत असं तिला फार वाटलं, पण तशी सोय नव्हती. म्हणून तिनं प्रश्नाखालच्या स्पष्टीकरणात तळ तुडवण्याची माहिती लिहिली आणि शेवटी एक ओळ घातली: ‘माझे वडील हे काम करत.’

तासाभरात निकेशचा निरोप आला. “शेवटची ओळ काढा, मॅडम. वैयक्तिक नको.”

तिनं ती काढली.

रविवारी सकाळी तिनं गोदूबाईला फोन लावला.

“काय गो, परत काय विचारायचा हाय?”

“नाय काकी. काय नाय. जेवलीस?”

“आत्ता? नऊ वाजलेत,” गोदूबाई म्हणाली. मग म्हणाली, “भाकऱ्या टाकतंय. बोल तू.”

समीक्षानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.