वाट दाखवणारं घड्याळ

माझ्या घड्याळाचा सेल बदलून घ्यायला दुकानात बसलो होतो. शेजारी एक बाई लेकीसाठी घड्याळ निवडत होत्या. लेक एकटीच गडकिल्ले फिरते. मागच्या वेळी धुक्यात वाट चुकली आणि तिचा फोन आला तो थेट संध्याकाळी. हे सगळं त्यांनी दुकानदाराने न विचारताच त्याला सांगितलं.

दुकानदाराने काउंटरवर घड्याळं मांडली. त्यातलं एक पुढे सरकवत म्हणाला, "ताई, हे उंची दाखवतं. हवेचा दाब उतरला की वादळाची सूचना देतं. वाट चुकली, तर आल्या वाटेने परत आणतं."

"परत आणतं?" बाईंनी ते उचललं आणि तापलेल्या कपाळावरून फिरवावा तसा काचेवरून हलकेच अंगठा फिरवला.

आपलं माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की आपल्या हातात उरतं तरी काय? आभाळ आपलं नाही, वाटा आपल्या नाहीत. मग ती काळजी आपण एखाद्या यंत्राच्या स्वाधीन करतो आणि हे नीट सांभाळेल ना, म्हणून त्याच्याच तोंडाकडे बघत राहतो.

"भिजलं तर बिघडणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"खुशाल पोहू द्या लेकीला."

"पोहायचं नाही हो. ती डावखुरी आहे, घड्याळ उजव्या हातात घालते. निघताना मी तळहातावर दही देते ना, ते घाईत मनगटावर ओघळतं."

दुकानदाराने घड्याळ परत हातात घेतलं. मग ते पुसत हळूच म्हणाला, "दह्याने काही होणार नाही, ताई."