सिद्रामप्पा मिस्त्री आणि पुढची चाकं

अहमदपूरला नांदेड रोडवर सिद्रामप्पाचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं किराणा दुकान. त्यामुळं त्याच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त वेळ मीच त्याच्या दारात बसलेला असे. माझी बायको म्हणायची, "तुमाला गल्ला सांभाळायला बसवलंय का मिस्त्रीला?" दोन्ही कामं मी सारखीच वाईट करायचो.

सिद्रामप्पा उदगीरच्या अडत्याचा पोरगा. घरात पांढरं धोतर, कपाळाला विभूती आणि धान्याचा भाव, एवढ्या तीनच गोष्टी शुद्ध मानायचे. त्यात हा ग्रीसमध्ये हात घालणारा निघाला. वयाच्या सोळाव्या वर्षी निजामाबादला फौजेतून सुटून आलेल्या एका मिस्त्रीकडं पळून गेला. बापानं घरी येऊ नको म्हणून निरोप धाडला. थोरली बहीण शिवकांता मधे पडली. "यंत्राला बी गळ्यातल्या लिंगासारखाच जपतो तो, त्याला काय बाट लागतो?" असं तिनं बापाला चारचौघांत विचारलं म्हणे. बाप गप बसला. अडत्याला भर बाजारात गप बसवणारी ती जिल्ह्यातली पहिली बाई असावी. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता. लातूर नंतर झाला.

मी सांगतो ती गोष्ट लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली तेव्हाची. पाट्या नव्या आल्या होत्या, पाऊस काही आला नव्हता. ती शिवकांता कंधार तालुक्यात बेलमाळला दिली होती. डोंगरावरचं सत्तर घरांचं गाव. नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. विहिरी आटल्या, बोअरमधून नुसती हवा यायची. वर पाणी न्यायचं तर बेलमाळचा चढ: एका बाजूला कडा, खाली सुटा मुरूम, मधे ओढ्याचे गोटे. साधा टँकर पहिल्याच वळणावर मागं सरकायचा. म्हणून नांदेडच्या साहेबांनी आमच्या हणमंतरावांचा ट्रक ठरवला होता. मिलिटरीच्या लिलावातला, पाठीवर पाण्याची टाकी बसवलेला, पुढची चाकं पण ओढणारा. आत ड्रायव्हरजवळ एक छोटा दांडा. तो मागं ओढला की चारी चाकांना जोर. अख्ख्या भागात वर जाऊ शकणारा ट्रक हा एकच.

आणि त्या मंगळवारी तो पण घसरला. दांडा ओढलेला, पुढची चाकं मेलेली. ड्रायव्हर व्यंकटीनं अर्ध्या चढावर पाणी ओतून ट्रक हलका केला आणि कसाबसा मागं उतरवला. ओतलेलं पाणी मुरमात जाताना बाया वरून बघत होत्या.

बुधवारी सकाळी ट्रक गॅरेजात उभा. त्याच वेळी कंधारच्या एसटीचा कंडक्टर खिडकीतून वाकून ओरडला, "ओ मिस्त्री! तुमच्या अक्कानं सांगितलंय, हौदात गुडघाभर चिखल उरलाय. बाया खालून हंडे वाहून राहिल्यात, पण ढोरांना पुरंना. आज सांजपर्यंत पाणी आलं न्हाई तर सकाळी गाव खाली उतरणार छावणीला."

"आणि भाऊजी?"

"ते कसे उतरतील, ते तुमी सांगा," कंडक्टर म्हणाला आणि बेल वाजवली.

सिद्रामप्पानं गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत नीट सारलं, वरून पंचा गच्च बांधला आणि पोतं टाकून ट्रकखाली सरकला. मी आपला बाकड्यावर. विड्याचं पान हातात होतं, पण तोंडात घालायची वासना होईना.

हणमंतराव आले तेच घाम पुसत. "मिस्त्री, मी सांगतो ऐका. आतला गिअर गेलाय. गिअरची पेटी उघडा. हैदराबादहून मागवू सामान."

"किती दिवस?" खालून आवाज आला.

"चार. लई झालं तर पाच."

"मग नका सांगू."

सिद्रामप्पाची रीतच ती. बाकीचे मिस्त्री आधी पेटी उघडत, कारण उघडलेल्या पेटीचे पैसे जास्त. हा म्हणायचा, घरात भांडण ऐकू आलं म्हणून आधी भिंत पाडायची नसते, दाराची कडी बघायची असते. त्यानं पुढचं एक चाक जॅकवर उचललं. व्यंकटीला वर बसवून गाडी गिअरात टाकायला लावली, छोटा दांडा ओढायला लावला. मग खाली पडून पुढच्या चाकांकडं जाणारा लांब शाफ्ट हातानं फिरवला. दांडा लागला असता तर तो हलायला नको होता. तो चरख्यासारखा गरगर फिरला.

"लागतच न्हाई," तो म्हणाला. "व्यंकटी, परत ओढ. सोड. परत ओढ."

व्यंकटी ओढायचा, सोडायचा. पंधरा-वीस वेळा. खालून नुसता श्वास ऐकू येई. शेवटी सिद्रामप्पा म्हणाला, "दांडा येतो, त्याला खाली जोडलेली सळई बी हलते. सळईचं भोक झिजलंय, ती वाकलीय धनुष्यावाणी. पण पेटीतून जी खुंटी बाहेर येते ती जागची हलत न्हाई."

"म्हणजे आतच बिघाड!" हणमंतराव.

"आत असंल. न्हाईतर बाहेर."

इथं मला भीती वाटली. वीस वर्षं त्याला ओळखत होतो, 'असंल' हा शब्द त्याच्या तोंडी कधी ऐकला नव्हता. त्याची बायको महानंदा भाकरी घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि तशीच परत गेली. एरवी ती मला चिमटा काढल्याशिवाय जायची नाही.

अकरा वाजले. त्यानं सळई सोडवली, पकडीनं खुंटी ओढून पाहिली. ढिम्म. खुंटीभोवती चिखलाचा गोळा बसला होता, वरून वाळून सिमेंट झालेला. तो पोलादी पट्टीनं खरवडू लागला. थोड्या वेळानं एकदम थांबला.

"हणमंतराव, हा ट्रक कोणत्या नदीत घातला व्हता?"

"नदी? नदी कुठं राहिलीय?"

"मग हे ओलं कामून?"

वरचा पापुद्रा वाळका आणि आतली माती ओली, काळी, हाताला चिकटणारी. सगळ्या तालुक्यात चूळ भरायला पाणी नाही आणि ट्रकच्या पोटात चिखल! तेवढ्यात त्याच्या कपाळावर टप्कन थेंब पडला. त्यानं वर बघितलं. टाकीच्या तळाला, गोणपाटाच्या पट्टीमागं, पितळेची बोटभर तोटी बसवलेली. टाकीत तळाला उरलेलं पाणी तिच्यातून थेंब थेंब गळत होतं, नेमकं त्या खुंटीवर. महिनोन्‌महिने. रस्त्याची धूळ, वर पाणी, वर धूळ, आणि गंज.

"व्यंकटी," तो हळूच म्हणाला, "खाली ये बाप्पा."

आता बेलमाळ फाट्यावर नीलम्माचं चहाचं हॉटेल होतं, आणि व्यंकटीचा ट्रक तिथं रोज इंजिन गार करायला थांबायचा, हे मला ठाऊक होतं. सगळ्या अहमदपूरला ठाऊक होतं, कारण मीच सांगितलं होतं. पण ती गोष्ट या तोटीपर्यंत जाईल असं मला तरी कुठं वाटलं होतं! प्रेम-बिम होतं की नव्हतं, मला विचारू नका. मी व्यंकटीला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यानं फुकट चहा पाजून विषय बदलला.

"दोनच घागरी घेते ती, मिस्त्री," व्यंकटी जमिनीकडं बघत म्हणाला. "फाट्यावर तीनच घरं. तीन घरांना टँकर मंजूर व्हत न्हाई म्हणत्यात. वरून झाकण उघडलं तर लोक बघतेत, म्हणून..."

हणमंतरावांनी पायातली वहाण काढली. सिद्रामप्पानं हात आडवा घातला.

"त्याला नंतर मारा. मी बी मारणार हाय. आधी रॉकेल आण रे व्यंकटी, आणि स्टोव्हवाल्याचा झोताचा दिवा."

मी माझ्या दुकानातलं रॉकेल दिलं. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता बसून होता. खुंटी खरवडून उघडी केली, रॉकेल पाजलं, दिव्यानं भोवतालचं लोखंड तापवलं, लाकडी हातोडीनं हळू ठोकलं. परत रॉकेल. परत ठोका. जोरात मारलं असतं तर खुंटी तुटली असती आणि मग खरोखर पेटी उघडावी लागली असती. एक वाजला. दोन वाजले. प्रत्येक ठोक्याला हणमंतराव डोळे मिटायचे. कंधारची दुसरी एसटी गेली. कंडक्टरनं या खेपेला निरोप सांगितला नाही, नुसता गॅरेजकडं बघत गेला. ते जास्त वाईट होतं.

अडीचला खुंटी केसभर हलली. सिद्रामप्पानं आम्हाला सांगितलंच नाही, मला त्याच्या थांबलेल्या हातावरून कळलं. तीनला ती बोटभर आत-बाहेर सरकू लागली. त्यानं सळई ऐरणीवर सरळ केली, झिजल्या भोकात पत्र्याची गुंडाळी बसवली, ग्रीस भरलं, तोटी लाकडी खुट्टी ठोकून बंद केली. व्यंकटीनं दांडा ओढला. सिद्रामप्पानं शाफ्टला दोन्ही हातांनी झटका दिला. शाफ्ट हलला नाही.

टँकर भरायच्या सरकारी बोअरवर टाकी भरेपर्यंत चार वाजून गेले. सिद्रामप्पा पुढं बसला, मी पण चढलो. गुळाची ढेप घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते उभंच राहिलं.

फाट्यावर नीलम्मा रस्त्याच्या कडेला, कमरेवर घागर. व्यंकटीनं मान सरळ ठेवली, कानशिलं लाल.

"थांबायचं न्हाई," सिद्रामप्पा म्हणाला. मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बाई, येताना! वरून झाकण उघडून भरून देतो, सगळ्यांच्या देखत!"

"मला काय चोरी हाय व्हय?" नीलम्माही ओरडली. "तुमच्या ड्रायव्हरलाच लाज!"

पहिलं वळण चढलो. पुढची चाकं मुरूम मागं फेकू लागली. दुसऱ्या वळणावर गोट्यांत खाडकन आवाज झाला, दांडा उसळून पुढं गेला आणि ट्रक कड्याकडं वीतभर सरकला. मला सगळे देव आठवले, अगदी ज्यांचा नारळ मी चुकवला होता ते पण. व्यंकटीनं ब्रेकवर उभं राहून गाडी धरली. सिद्रामप्पानं दांडा परत ओढला, दोन्ही मुठींनी धरला, पाय डॅशबोर्डला रोवले.

"गुंडाळी निसटली. मी धरतो. तू मागं बघायचं न्हाई आणि रेस सोडायची न्हाई."

पाऊण मैल त्यानं तो दांडा तसा धरला. मनगटाच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं जप, नीट ऐकलं तर व्यंकटीला शिव्या.

वर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. बांधलेली गाठोडी घराबाहेर ठेवलेली, बैलगाडीत अंथरूण टाकून तयार. हंडे वाजले, बाया धावल्या. मुठी उघडेनात म्हणून सिद्रामप्पाला मी खाली उतरवलं. शिवकांता पुढं आली. त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं: ग्रीस, रॉकेल, कपाळावर चिखल.

"लई उशीर केलास, तम्मा."

"हाव अक्का. हात धुतो आणि भाऊजींकडं येतो."

"धुतो?" ती म्हणाली. "पाणी सोन्याचं झालंय आणि धुतो म्हणं! मातीत पूस आणि चल. ते सकाळपासून दाराकडं बघून राहिलेत."

सिद्रामप्पा खाली बसला आणि मूठभर माती घेऊन हात चोळू लागला.