तांब्याला दूध पाजणारे काका

धातूंचा स्वभाव आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका जगात कुणाला कळत नसेल, आणि माणसांचा इतका कमी! सातपूरच्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये, त्यांची सगळी नोकरी झाली. लग्नाच्या पंगतीतही ते आधी ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवत आणि "कड घासायची राहिलीय," असं यजमानांना सुनावत. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी टेबलावर मावणारं, संगणकावर चालणारं, धातू कोरायचं मिलिंग मशीन घेतलं. पेढा खाऊन काका म्हणाले, "मशीनसाठी वाईट वाटतं."

त्यांचं खरंच होतं. मुलीच्या नव्या दवाखान्याची तांब्याची पाटी मीच कोरणार, असं मी सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर करून बसलो होतो. त्यासाठी दोन जाड पत्रे आणले. कटर मात्र मोबाइलवर फोटो बघून मागवले, चार धारांचे, सोनेरी कोटिंगचे. सोनेरी म्हणजे भारी, एवढीच माझी अक्कल. पहिल्याच अक्षराला तांबं धारांमध्ये गच्च भरलं, कटर मोडला आणि 'डॉ.'च्या जागी खड्डा पडला.

"हे पोलादासाठी रे," काका म्हणाले. "तांबं चिकट. त्याला दोनच धारा लागतात, बिनकोटिंगच्या, लखलखीत. चुऱ्याला बाहेर पडायला वाट नको?" मग बाजारात भेंडी निवडावी तसे त्यांनी आपल्या डबीतले कटर एकेक नखावर घासून पाहिले, अकरा नापास केले आणि बारावा मला दिला. "आणि कापताना वरून दूध सोड. सायीसकट, म्हणजे तांबं धारेला चिकटत नाही. आमच्याकडे तांब्याचं काम निघालं की कॅन्टीनचा चहा काळा यायचा." हे ऐकून बायकोने दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये मागे सरकवलं.

दुसरा पत्रा लावायच्या आतच काका पुण्याला मुलाकडे राहायला गेले, नवव्या मजल्यावर. उद्घाटन परवावर आलं, पत्रा एकच उरलेला, आणि माझा हात बटणापर्यंत जाईना. शेवटी फोन लावला.

"फोन मशीनजवळ धर," काका म्हणाले. "हं, ओरडतंय. वेग उतरव. अजून. आता दूध." असं पुण्यातून नुसत्या आवाजावर अक्षरामागून अक्षर उतरत गेलं. घरभर दुधाचा वास सुटला. शेवटचा काना स्वच्छ निघाला तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

"काका, झाली पाटी! बंद करतो."



"नको रे," काका हळूच म्हणाले. "जरा चालू राहू दे. इथे लिफ्टशिवाय कशाचाच आवाज येत नाही."

मी कटर वर उचलून नुसताच फिरत ठेवला, आणि फोन धरून उभा राहिलो.