तेलाचा हात

माझ्या कामाच्या खोलीच्या दारावर मी एक पाटी लावली होती: तेलाचा हात आत नको. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आई पेणची, पापड लाटण्यात जन्म गेलेला. तिच्या हाताला तेल नाही असा दिवस मला आठवत नाही. पाटी वाचून ती म्हणाली, "मीच नको, असं सरळ लिही ना."

मी आधी रोह्याला एका कंपनीत ऑक्सिजनच्या लाइनवर फिटर होते. नोकरी सुटल्यावर पेणला घरीच पाणबुड्यांचे रेग्युलेटर साफ करायला लागले. सिलिंडरमधली हवा बेताच्या दाबानं पाणबुड्याच्या तोंडापर्यंत पोचवतो तो रेग्युलेटर. काही पाणबुडे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा घेऊन उतरतात, आणि त्यांचा रेग्युलेटर नुसता दिसायला स्वच्छ असून भागत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा थेंब सापडला तर काडी न लावताही पेट घेऊ शकतो. म्हणून एकेक भाग सुटा करून धुवायचा, रबरी कड्या बदलायच्या, ग्रीससुद्धा खास त्यासाठीचंच वापरायचं. कंपनीत पहिल्याच दिवशी साहेबांनी मला एक वितळलेला पितळी व्हॉल्व्ह दाखवला होता. कुणीतरी ग्रीसच्या हातानं बसवला होता. तो माझ्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं झालं. केसांनासुद्धा तेल लावणं मी सोडलं. लहानपणी दर रविवारी मला पुढ्यात बसवून डोकं चोळून देणाऱ्या आईला हे त्या पाटीपेक्षा जास्त लागलं.

एका दसऱ्याला मी बाजारात गेले असताना तिनं धुऊन ठेवलेल्या सहा रेग्युलेटरना हळदकुंकू लावलं, वर झेंडूची फुलं वाहिली. हात अर्थातच पापडाचे. मी आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं. सणाच्या दिवशी सहाच्या सहा पुन्हा खोलत बसले. ती दारात उभी राहून बघत होती.

"हत्यारं हायेत ना तुझी? त्या पाणबुड्यांचं भलंच मागितलं गो मी," एवढंच म्हणाली. मी पुढचा रेग्युलेटर खोलायला घेतला.

मागच्या हिवाळ्यात तिची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितला. सिलिंडर दारात आला तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. तिच्या आजारातलं मला काही कळत नव्हतं. हे कळत होतं. व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. देवापुढचा दिवा स्वयंपाकघरात नेला. खोबरेलाची बाटली माळ्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डोक्याला जरा तेल लाव गो. नुसती आग होते."

"ऑक्सिजन चालू आहे आई. चालत नाही."

"वेणीला तरी. बोटभर."

"नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी परत मागितलं, त्याच्या पुढच्या दिवशीही. मी तिला त्या वितळलेल्या व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली. मग तिनं मागायचं सोडलं. नुसती केसांतून बोटं फिरवायची, आणि मी बघितलं की हात खाली घ्यायची. आपल्या आईनं आपल्याला घाबरून हात खाली घ्यावा, याची मला आज लाज वाटते.

नियम खोटा नव्हता. पण डॉक्टरांना विचारून मी रोज जेवणाच्या वेळी तिचा मास्क काढतच होते. तेव्हाच तेलाचंही विचारता आलं असतं. काहीतरी वाट निघाली असती, नाहीतर ते तरी नाही म्हणाले असते. मी विचारलंच नाही. ऑक्सिजनमधलं माझ्यापेक्षा कुणाला जास्त कळणार, हा माझा तोरा.

ती सकाळी गेली. मी व्हॉल्व्ह बंद केला, सवयीनं दोनदा तपासला. शेजारच्या काकू तिला आंघोळ घालायला आल्या आणि त्यांनी तेल मागितलं. मी माळ्यावरून बाटली काढली. थंडीनं खोबरेल थिजलं होतं. बोटानं खरवडून मी ते तळहातावर घेतलं, हातावर हात चोळून पातळ केलं आणि तिच्या डोक्याला लावलं. किती वर्षांनी माझ्या हाताला तेल लागलं होतं. लावलेलं जिरून जात होतं, केस परत कोरडेच.

"किती दिस लावलं नाय गो हिला?" काकूंनी विचारलं.

"एकोणीस," मी म्हणाले.

थोड्या वेळानं काकू "पुरे गो" म्हणाल्या, तरी बाटली संपेपर्यंत मी लावत राहिले.