तिसरा गिअर

हे मी बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही, पोखर्णीच्या नरसिंहापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. हाताला काळं ऑइल लागलं की त्याची सवय होते, तशी ह्याचीही होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

मी मिस्त्री. परभणीत माझा कारखाना होता — कारखाना म्हणजे चार पत्रे आणि एक कडुलिंब. निजामी गेली त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. सुटे भाग मिळायची मारामार होती. ह्या गाडीचं काढून त्या गाडीला बसवायचं, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणत. मीही म्हणायचो. लोकांपेक्षा जरा जास्तच.

गावातल्या एका आडत्यानं लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप घेतली. इंजिन पार मेलेलं, गिअरबॉक्सचे दात गेलेले. मी एका मोडलेल्या लॉरीचं इंजिन आणलं आणि भलत्याच गाडीचा गिअरबॉक्स. लिंबाच्या फांदीला साखळी बांधून दोन्ही उचलून बसवली. पण एकाची भोकं दुसऱ्याला जुळेनात. मग मधे लोखंडी पट्टी घातली, भोकं कानशीनं वाढवली, बोल्ट आवळून टाकले. गिअरबॉक्स केसभर तिरका बसला. केसभर — आम्ही मिस्त्री लोक हा शब्द फार सहज वापरतो.

रिकाम्या गाडीची फेरी मी एकट्यानंच मारली. गावाबाहेर एका उतारावर ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि तिसरा गिअर आपोआप निघाला. दांडा टक्कन मधे येऊन उभा. परत टाकला, परत निघाला. गाडी मोकळी पळायला लागली, कशीबशी ब्रेकवर थांबवली. मला कळलं. तिथल्या तिथं कळलं. मग मी काय केलं? गाडी कारखान्यात आणली आणि फडक्यानं पुसून चकचकीत केली. सगळं पुन्हा खाली उतरवायचं म्हणजे आणखी तीन दिवस, आणि त्या आडत्या शेठनं तर दुसऱ्या दिवशी पोखर्णीच्या भंडाऱ्याची ज्वारी ह्याच गाडीतून न्यायची म्हणून गावभर सांगितलेलं. मीही चारचौघांत सांगून बसलो होतो — गाडी नव्याहून नवी झालीय.

आमच्यात एक रिवाज होता. ज्यानं इंजिन बसवलं त्यानं पहिल्या भरल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, आणि मिस्त्री वर चढतो. माझा जीव ह्या गाडीवर आहे, तुम्ही निर्धास्त राहा — एवढाच त्याचा अर्थ. कोणी बोलून दाखवत नसे. बसायचं म्हणजे बसायचं.

ड्रायव्हर होता सोपान. झरीचा. माझा दोस्तच, पण मला नेहमी ‘तुमी’ म्हणायचा. सकाळी नारळ फुटला आणि त्यानं हाक मारली, “चला की मिस्त्री, तुमच्याबिगर गाडी हलत न्हाई.”

मी पोट धरलं. मुरडा आलाय म्हणालो, तू हो पुढं.

पोटात काही नव्हतं. भ्यालो होतो. बरं, भ्यालो तर भ्यालो — त्याला एवढं तरी सांगायचं होतं की उतारावर तिसरा टाकू नको, दुसऱ्यातच उतर. किती शब्द आहेत हे? पण ते बोललो असतो तर माझं काम कच्चं ठरत होतं. सगळे उभे होते ना तिथं. शेठ होता.

जागा रिकामी राहिली. सोपानची बायको गिरजा त्याची भाकरी घेऊन आली होती, ती म्हणाली, मी बसते, देवाचं दर्शन तरी होईल. चढता चढता माझ्याकडं बघून म्हणाली, “भाऊजी, ववा खा चिमूटभर. आराम पडंल.”

मी मान डोलावली.

वाटेतल्या ओढ्याच्या उतारावर गिअर निघाला. मागं पोती भरलेली, ब्रेक जुनेच. गाडी ओढ्यावरच्या फरशी पुलाच्या कडेवरून खाली गेली. सोपान बाहेर फेकला गेला, डावा हात मोडला. गिरजा जागच्या जागी गेली.

तिसऱ्या दिवशी मी सोपानला भेटायला गेलो. हात फळीला बांधलेला. त्यानं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मला विचारलं, “मिस्त्री, खरं सांगा. गिअर आपोआप निघतो का कवा?”

आणि मी काय बोललो, ऐका. मी म्हणालो, “नाही. वहिनींचा गुडघा लागला असेल दांड्याला.”

मेलेल्या बाईवर घातलं मी. जिनं मला ओवा खायला सांगितला तिच्यावर.

सोपाननं मान हलवली. मग म्हणाला, “तिचा न्हाई लागला, मिस्त्री. ती अंग चोरून बसली व्हती. माझाच हात लागला आसंल.” फौजदारापुढंही त्यानं हाच जबाब दिला. लायसन गेलं.

मोडकी गाडी परत माझ्याकडंच आली. मी गिअरबॉक्स उतरवला, नवी पट्टी कापली, भोकं नव्यानं पाडली. आयुष्यात तेवढं नेटकं काम मी केलं नाही. ती गाडी पुढं कितीतरी वर्षं चालली. एकाही ड्रायव्हरनं कधी तक्रार केली नाही. लोक म्हणत, गाडीत खोट असती तर अशी पळाली असती का? सोपानसुद्धा म्हणायचा. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला मी ती गाडीच उभी केली होती, आणि ती रोज त्याच्यासमोरून जायची.

सोपानला कापसाच्या एका जिनिंगवर राखणीचं काम मिळालं. मी अधूनमधून जाऊन बसायचो. का जायचो? मित्र म्हणून? मला वाटतं, त्याला काही उमगलंय का हे बघायला जायचो. बोलता बोलता त्याचा डावा हात आपसूक पुढं यायचा, हवेतच दांडा टाकायचा, आणि मग तो त्या हाताकडं बघत राहायचा. मी तंबाखू मळत बसायचो.

सहाएक वर्षांनी तो तापानं अंथरुणाला खिळला. मी गेलो तेव्हा दुपार होती, खोलीत आम्ही दोघंच. त्याला धाप लागली होती, पण तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं.

“तिच्याकडं जायलोय, मिस्त्री,” तो म्हणाला. “पाय धरून माफी मागीन.”

तेव्हाही सांगता आलं असतं. तो शुद्धीवर होता. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, “माग.”